पुढच्या सीटवरून अष्टमीपर्यंत

मला भीती वाटते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचून झाल्यावर कुणी "काय हो धाडस तुमचं!" असं म्हणायला नको. धाडसबिडस काही नाही. फाल्गुनातले दोन दिवस मी पेणहून रोह्याशेजारच्या अष्टमीपर्यंत सायकल चालवली, आणि त्या दोन दिवसांत पोटातला गोळा एकदाही खाली उतरला नाही.

सायकल दोन सीटची. पुढं मी, मागं आमचे यजमान. जन्मभर शाळेत भूगोल शिकवला, म्हणून सगळी सांगली त्यांना सर म्हणते. मीही तेच म्हणते, जिभेला सवय झालीय. सरांना काचबिंदू. उजवा डोळा गेलाच, डाव्यानं उजेड आणि सावली तेवढी कळते. आयुष्यभर सायकलवर हिंडलेला माणूस, डोळे गेल्यावर खिडकीपाशी खुर्ची टाकून बसला तो बसलाच. जेवायला हाक मारली की "आणून दे इथंच" म्हणायचे. मग एक दिवस त्यांनीच कुणाकडून तरी ही जुनी जोडसायकल मिळवली आणि मला म्हणाले, "तू पुढं बस."

मी! शिवणाचा क्लास घेणारी बाई. पन्नाशीनंतर सायकल शिकलेली. वळण आलं की खाली उतरून, सायकल हातानं वळवून, परत चढणारी!

सांगलीत जमलं. आमच्याकडचे रस्ते पोळपाटासारखे सपाट. सकाळी हरिपूरपर्यंत जायचं आणि यायचं. खड्डा आला की मी ओरडायचं, "उचला!" मग सर सीटवरून अंग उचलतात. त्यांना दिसत नसल्यामुळं सगळं बोलून सांगावं लागतं. आणि डॉक्टरांनी बजावलेलं, "उरलेली नजर सांभाळा. डोक्याला मार बसू देऊ नका." मी पुढच्या सीटवर बसले की ते वाक्य कानात वाजायला लागतं. सर मागं खुशाल शीळ घालत बसतात. त्यांना काय, खड्डे मला दिसतात.

यंदा नणंदेचा मुलगा संजू द्राक्षं न्यायला पिकअप घेऊन सांगलीला आला. तो कोलाडला नदीकाठी पाहुण्यांना सायकली भाड्यानं देतो. आमची सायकल बघून म्हणाला, "मामा, ही मला देऊन टाका. या वयात तुम्हाला बरं नाय. माझ्याकडं जोडपी येतात, उड्या पडतील हिच्यावर."

मला तर सुटल्यासारखं झालं. मी हो म्हणणार, तेवढ्यात सर म्हणाले, "असं करू. जाताना आम्हाला पेणला सोड. तिथून आम्ही सायकलनं तुझ्या आईकडं येतो. न पडता अष्टमीला पोचलो तर सायकल आमची. एकदा जरी पडलो तर तुझी. मग मी तिचं नाव काढणार नाही."

"आणि मला विचारायचं नाही का?" मी म्हटलं.

"तुला विचारलं तर तू नाही म्हणशील."

सर बोलले म्हणजे बोलले. हा माणूस खोटं बोलत नाही. मुलगी बघायला आले तेव्हा, कुणी विचारलेलं नसताना, "मी घोरतो" असं भर बैठकीत सांगितलं होतं. म्हणजे पडलो तर सायकल जाणार हे नक्की, आणि मग पुन्हा ती खिडकीपाशची खुर्ची, हेही नक्की. मला ती सायकल नको होती हो. पण ती खुर्ची त्याहून नको होती.

पेण

संजूनं आम्हाला त्याच्या ओळखीच्या एका घरी उतरवलं आणि द्राक्षं घेऊन तो पुढं गेला. घरात पोह्याचे पापड लाटायचं काम चाललेलं. मागच्या अंगणात साड्यांवर पापड वाळत घातलेले आणि चार बायका हसत-बोलत लाटतायत. आमच्याकडं असली वाळवणं चैत्रात सुरू होतात. इथल्या बायका म्हणाल्या, आमचं तर बारमाही चाललेलंच असतं. सकाळी गरम तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी दिली. चटणी अशी झणझणीत की भीती दोन मिनिटं विसरले. दोनच.

निघताना सरांनी अंगठ्यानं टायर दाबून बघितले आणि थोडी हवा सोडायला सांगितली. "सांगलीची हवा इथं नको. कडक टायर खडीवर उडतो, जरा मऊ असला की धरून चालतो." मग मला समोर उभं करून वर्गात सांगावं तसं सांगितलं, "सुट्या खडीत पुढचा ब्रेक लावायचा नाही. हँडल आवळायचं नाही, ते हललं तर हलू द्यायचं. पाय थांबवायचे नाहीत. आणि दगडाकडं बघायचं नाही, जिकडं जायचं तिकडं बघायचं."

मी मान हलवली. मग आठवलं की मान हलवलेली त्यांना दिसत नाही. "बरं," म्हटलं.

आता खरं सांगू का? हे सगळं मला पाठ होतं. पण दगड दिसला की माझी नजर त्याच्यावर चिकटते, हात आपोआप आवळतात आणि पाय थांबतात. डोकं एक सांगतं, अंग दुसरंच करतं.

कासूच्या वाटेवर

बाहेर वसंत आला होता, हे मला मान्य आहे. काटेसावरीला एक पान नव्हतं, नुसती लाल फुलं. आंब्याचा मोहर असा घमघमत होता की सर मागून म्हणाले, "डाव्या हाताला आमराई आहे ना?" होती. मी काही बघितली नाही. मी पुढचा सात-आठ हात रस्ता बघत होते.

हमरस्त्याचं काम चालू होतं. कुठं काँक्रीट, कुठं जुनं डांबर, मध्येच एकदम बाजूला वळवलेला कच्चा रस्ता, त्याच्यावर मुरूम आणि खडी. डंपर अंगावरून गेला की धुळीत पुढचं चाकसुद्धा दिसेना. सर टायरच्या आवाजावरून सांगत होते, "हं, हे काँक्रीट. आता मुरूम लागला. बारीक खडी आली बघ." आवाजात अशी मजा, जणू जत्रेत फिरतायत.

"तुम्ही गप्प बसा हो!" मी ओरडले. "मला कळतंय काय लागलंय ते!"

"मग हँडल का आवळलंयस? तू आवळलंस की माझ्या सीटपर्यंत कळतं."

कासूला रेल्वेच्या फाटकाजवळ आम्ही थांबलो. एक म्हातारी टोपलीत ताडगोळे घेऊन बसली होती. तिनं आमच्याकडं बघितलं आणि तोंडावर हात ठेवला. "अगो बाय! फुडं बाई नि मागं बाप्या? उलटं कसं गो झालं?"

"त्यांना दिसत नाही, आजी."

"नि तुला दिसतंय नव्हं? मग तोंड कशाला असं सुकटीवानी करून बसलीस?"

सर असे हसले की ताडगोळ्याचं पाणी हनुवटीवरून खाली गळलं. मलाही हसू आलं, पण म्हातारीनं विचारलं, "पडला नाय ना कुठं?" आणि हसू तिथंच विरलं.

"अजून नाही," मी म्हटलं.

नागोठणे ते खांब

नागोठण्यात मुक्काम केला. लॉजच्या खोलीत सर दोन मिनिटांत घोरायला लागले, सांगितल्याप्रमाणे.

दुसऱ्या दिवशी खांबच्या अलीकडं ती जागा आली. रस्ता एका बाजूनं उकरलेला, उरलेल्या अर्ध्यावर नवी खडी पसरलेली, अजून दाबलेली नव्हती. मागून डंपरचा हॉर्न. मी बाजूला घ्यायला गेले, तर बाजूला उकरलेला खड्डा, माणूस उभा राहील एवढा खोल. पुढचं चाक खडीत शिरलं आणि सायकल शेपटी हलवायला लागली. माझ्या तोंडातून "उचला" येईना, काहीच येईना. मला फक्त तो खड्डा दिसत होता, आणि जिकडं बघत होते तिकडंच सायकल चालली होती.

"पाय चालू ठेव," मागून आवाज आला. शांत. "समोर बघ. काय दिसतंय?"

"टपरी."

"तिच्याकडं चल."

मी टपरीकडं बघितलं. मागून सर नेटानं पायडल मारत होते, ते मला साखळीतून कळत होतं. डंपर शेजारून गेला, त्याची ऊब पोटरीला लागली. टपरीपाशी मी पाय टेकले आणि तिथंच बाकावर बसून रडले. टपरीवाल्यानं न विचारता चहा पुढं केला.

"मी संजूला फोन करते," मी म्हटलं. "पिकअप घेऊन येईल. गाडीतून गेलो तर पडणारच नाही."

"न पडता जाऊ खरं," सर म्हणाले. "पण मग ते जाणं माझं नसेल गं. मी सामान म्हणून जाईन."

मी चहा संपवला. टपरीवाला म्हणाला, "हायवे सोडा ओ काकू. हितनं गावागावांतनं एक रस्ता अष्टमीला जातो. सुरवातीला खडी हाय, फुडं नवीन डांबर पडलंय. गाड्या बी कमी."

आम्ही गावांतला रस्ता धरला.

वाल

खडी होती, पण गाड्या नव्हत्या. मी घामाघूम होऊन का होईना, ती पार केली. दोनदा चाक घसरलं, दोन्ही वेळा मी लांबच्या झाडाकडं बघितलं आणि पाय चालू ठेवले. भात कापून झालेल्या शेतांत वालाची काढणी उरकत आली होती. बांधावर पळस पेटलेले. पहिल्यांदाच मी ते बघितले.

मग डांबर लागलं. काय सांगू तुम्हाला! काळं, गुळगुळीत, माझ्या माहेरच्या शहाबादी फरशीसारखं. टायरांचा आवाजच बंद झाला. "डांबर!" सर म्हणाले. थोडा उतार होता. दोन दिवसांत मी पहिल्यांदा हँडलवरचे हात सैल सोडले. सायकल पळायला लागली. सरांनी शीळ सुरू केली. मी मनात म्हटलं, आता पोचलो. जिंकलो.

वळणावर एक मोठा आंबा होता, त्याची गार सावली रस्त्यावर पसरलेली. त्या सावलीत रस्त्याचा रंग जरा वेगळा दिसला. मला वाटलं, धूळ.

ते वाल होते. झोडपून, पाला उचलून, दाणे आणि टरफलं तशीच रस्त्यावर पसरलेली.

आमच्या भाषेत "उचला" आहे, "थांबा" आहे, "डावीकडं" आहे. वालासाठी शब्द नव्हता. मी नुसतीच किंचाळले आणि जे करायचं नाही म्हणून दोन दिवस घोकत होते तेच केलं. पुढचा ब्रेक दाबला. खालून कुणी सतरंजी ओढावी तसं चाक गेलं. मी खाली, सायकल माझ्या पायावर, आणि मागं सरांचं हेल्मेट डांबरावर आपटल्याचा आवाज. टक्.

मग काहीच नाही.

"अहो!" मी हाक मारली. सर म्हणायचं सुचलंच नाही. "अहो, ऐकलंत का?"

उत्तर नाही. पाय सायकलखाली अडकलेला, मागं वळता येईना. आंब्यावर कुठलासा पक्षी ओरडत होता, तेवढाच आवाज. आयुष्यात पुष्कळ घाबरलेय मी. पण त्या क्षणी जे वाटलं त्याला भीती म्हणत नाहीत, त्याला काय म्हणतात मला माहीत नाही. मी देवाला म्हटलं, सायकल घे, माझे डोळे घे, काय पाहिजे ते घे.

"वाल आहेत गं हे," मागून आवाज आला.

मी कशीबशी वळले. सर आडवे पडलेले, आणि बोटांत एक दाणा धरून चाचपत होते. दाणा ओळखेपर्यंत बोलायचं नाही, अशी या माणसाची तऱ्हा!

"माझा हात दिसतोय का? हा बघा, हा!"

"सावली दिसतेय. रोजचीच. आणि तू रडतेयस ते ऐकू येतंय."

घरातून एक बाई पळत आली. "अगो बाय माझं! लागलं काय रं दादा?"

"तुमचे वाल सांडले हो," सर म्हणाले.

"वालाला आग लागू दे! तुला लागलं काय ते सांग आदी!"

कोपर खरचटलं होतं, रक्त आलं होतं. बाकी धड. मग मात्र माझा सगळा राग त्या बाईवर निघाला. "रस्त्यावर कसले वाल घालता हो? माणूस मरेल ना!"

"मग कुठं घालू?" ती कमरेवर हात ठेवून म्हणाली. "अंगण वितभर. रस्त्यावर घातलं की जाता-येता गाड्या शेंगा फोडतात, निम्मं काम आपसूक होतं. सगळं गाव घालतं. दगड ठेवलेत बघ दोन्हीकडं. गाडीवाले बघून हळू जातात. सायकलवर बाप्याला मागं बसवून सुसाट येनारी बाई मी आजच बघतेय!"

सुसाट! मला! तशाही अवस्थेत मला थोडं बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

तिनं सरांना ओट्यावर बसवलं, कोपर धुऊन हळद दाबली, कोरा चहा दिला. मी त्यांच्या शेजारी बसले. "पडलो आपण," मी म्हटलं. चहा पिऊन झाल्यावर सर उठले आणि रस्त्यावर उकिडवे बसून तळहातानं विखुरलेले वाल एकत्र लोटायला लागले. मग मीही बसले, ती बाईही बसली. कितीतरी वेळ तिघंही तेच करत होतो. जाताना तिनं फडक्यात वाल बांधून दिले. "नुसती जखम कशाला नेतोस बाबा? हे बी ने."

सायकल उभी केली तर हँडल थोडं वाकडं झालेलं. मी म्हटलं, "चालतच जाऊ. आता काय, गेलीच ती संजूकडं."

"अष्टमीपर्यंत तरी आपली आहे ना," सर म्हणाले. "बस पुढं."

ऊन मी म्हणत होतं, तरी त्यांनी शर्टाची बाही पार मनगटापर्यंत खाली ओढून बटण लावलं. माझं तिकडं लक्ष होतं, पण अर्थ लागला नाही. उरलेल्या वाटेवर ते शीळ घालत नव्हते. मला खुर्ची दिसत होती, खिडकीपाशची.

अष्टमी

वन्संचं घर पुलाच्या अलीकडं, बाजाराच्या मागच्या बाजूला. वन्सं सरांहून मोठ्या. सरांना बाळू म्हणणारं माणूस जगात आता तेवढं एकच उरलंय. त्या दारातच उभ्या होत्या. संजू पुढं आला, आमच्याकडं कमी आणि सायकलकडं जास्त बघत. तिच्याभोवती एक फेरी मारली.

"हँडल वाकडं दिसतंय, मामा," तो म्हणाला. "पडलात ना?"

मी खाली मान घातली. आता सर सांगणार. आपणहून मी घोरतो म्हणून सांगणारा माणूस हा.

"नाही," सर म्हणाले.

मी चमकून वर बघितलं.

"वाटेत एका बाईच्या दारात जरा बसलो होतो. तिनं वाल दिलेत तुझ्या आईला." आणि त्यांनी फडकं पुढं केलं.

वन्संनी फडकं घेतलं. मग दुसऱ्या हातानं त्यांच्या खांद्यावरची धूळ झटकायला लागल्या, लहान मुलाची झटकावी तशी. झटकता झटकता थांबल्या. शर्टाच्या कॉलरमधून त्यांनी एक वाल काढला. मग मानेमागून दुसरा. त्या वालांकडं त्यांनी बघितलं, मग भावाच्या तोंडाकडं, मग त्या मनगटापर्यंत ओढलेल्या बाहीकडं. तिच्यावर कोपराशी आता लालसर डाग आला होता. झालं, मी मनात म्हटलं, संपलं.

"फडक्याला भोक दिसतंय रे, बाळू," वन्सं म्हणाल्या. दोन्ही वाल त्यांनी मुठीत घेतले. "संज्या, बघतोस काय? मामाची सायकल पडवीत लाव. उन्हात टायर जातात."

संजूनं आईकडं बघितलं, मामाकडं बघितलं आणि मुकाट्यानं सायकल पडवीत नेली. वन्संनी सगळे वाल पातेल्यात भिजत घातले. कोपर नंतर त्यांनीच आतल्या खोलीत नेऊन बांधलं, दार लावून.

"मोड यायला दोन दिवस लागतील," त्या बाहेर येऊन म्हणाल्या. "वालाचं बिरडं खाऊन मग जा सावकाश."

"कशानं जाणार?" संजूनं विचारलं.

"आलो तसेच," सर म्हणाले. "पेणपर्यंत सायकलनं." आणि पाय लांब करून शीळ घालायला लागले.

तीच खडी, तो खड्डा, ते डंपर. "वन्सं," मी हळूच विचारलं, "दोन दिवसांत ते रस्त्यावरचे वाल उचलले असतील ना हो?"

"छे गो," वन्सं म्हणाल्या. "झोडपणं आता तर कुठं सुरू झालंय. अख्खा रस्ता भरंल."

मी उठले आणि हँडल सरळ करायला पडवीत गेले.